गेस्ट हाऊसचं उष्टं आणि माझी चौपन्न डुकरं

९ जाने. ९७
गेस्ट हाऊसचं काम मिळालं. गोरव्याच्या नव्या प्लँटवर परदेशी कंपनीचे अकरा इंजिनिअर आलेत, त्यांच्या किचनमधलं रोजचं उष्टं माझ्या फारमला. आचारी फ्रान्सिस, गोव्याचा, हसरा. स्टीलचे दोन डबे, झाकणवाले, घासलेले. हॉटेलांचा एठवाड, म्हणजे उष्टं-खरकटं, येतो पत्र्याच्या पिंपातून, त्यात बिड्यांची थोटकं, रबरबँड, एकदा तर कवळी निघाली होती. इथे पाव, उकडलेले बटाटे, भात, मांसाचे कातरे. काट्याचमच्याने खाल्लेलं, तोंड न लागलेलं.
सौ.ला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती म्हणाली, डुकरांना साहेबांचं जेवण आणि मला तुमच्या चपला धुणं, मागच्या नळावर. खरं आहे. बारा वर्षं लेथवर होतो तेव्हा ऑइलचा वास, कंपनी बंद पडल्यावर हा. दोन वासांचा नवरा बिचारीने एकाच जन्मात निभावला.

११ जाने.
रायजीशी वाद. पाच वर्षं माझ्याकडे आहे, फारमवरच राहतो, वाद घालायचा त्याला हक्क आहे. आमचा नियम असा की बाहेरून आलेला सगळा एठवाड मोठ्या ड्रममध्ये ओतायचा, तासभर चांगला उकळायचा, गार करून मग द्यायचा. तो स्टीलचे डबेही ड्रमात ओतायला निघाला. म्हटलं, हे राहू दे, स्वच्छ आहे, लाकडं कशाला जाळतोस.
"शेठ, एठुं एटले एठुं." उष्टं ते उष्टंच, म्हणे.
मी हसलो. साहेबांचे डबे तीन नंबरला लावले. तीन नंबरच्या कप्प्यात बारा जण, महिन्या-दीड महिन्यात मुंबईला जायच्या तयारीचे. थोडं सातीलाही. साती म्हणजे कानावर सातची खाच असलेली मादी. गाभण, दुसरा महिना. शेडमधली निम्मी प्रजा तिचीच.

१४ जाने.
उत्तरायण. फारमवरूनही गावातल्या गच्च्यांवरच्या पतंगवाल्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता, दर आरोळीला चौपन्न जोडी कान उभे.
दुपारी घरी मेहुणा. अशोक रेल्वेत गार्ड, प्रतापनगरला क्वार्टर. उंधियू तीनदा घेतलं, पाणी स्वतःच्या बाटलीतलं. मी डुकरं घेतल्यापासून आमच्या घरचं पाणी पीत नाही.
म्हटलं, अरे उंधियू चालतं?
"दाजी, ते दुकानातलं आहे."

२० जाने.
सकाळी बादली वाजली आणि मी जागच्या जागी थांबलो. खाण्याच्या वेळी चारही कप्प्यांतून जो कल्ला होतो तो मला पाठ आहे. लेथचं बेअरिंग जायच्या आधी आवाज बदलतो, फोरमनला कळायच्या आत मला कळायचा. तसंच. तीन नंबरमध्ये आवाज कमी. नीट कान दिला तर नऊ जण ओरडतायत.
तिघे कोपऱ्यात, एकमेकांच्या अंगावर ढीग करून. उन्हात असून कुडकुडतायत. थर्मामीटर लावला, डुकराला १०२ म्हणजे ठीक: १०६, १०५॥, १०६.
रायजी म्हणाला, थंडी लागी हशे. थंडीने ताप येत नाही रे बाबा.

२१ जाने.
कालच दुकानातून आणून अँटिबायोटिक टोचलं होतं. ताप जराही उतरला नाही. आज पाच जण. डोळ्यांना चिकटा, एकाचे तर पार मिटलेत, कोमट पाण्याने पुसून उघडले. लेंड्या शेळीसारख्या, टणक. एक जण पाणी प्यायला उठला तर मागचा भाग एकीकडे, पुढचा एकीकडे. पिऊन आल्यासारखा. रायजीला हसू आलं, मग त्याने माझं तोंड बघितलं आणि पाणी उचलून त्याच्यासमोर नेलं.

२३ जाने.
एक गेला. कालपर्यंत कोठा धरलेला, आज पिवळं पाणी वाहतंय. कान जांभळे, वांग्याच्या सालीसारखे. पोट, मांड्यांची आतली बाजू तशीच.
आता अंदाज पुरे. दांडिया बाजारात डॉ. चित्र्यांकडे गेलो. गुरांचे सरकारी डॉक्टर होते, आता रिटायर, घरात सगळे मास्तर नाहीतर वकील. दारात त्यांच्या सूनबाईने नाकाला पदर लावला, डॉक्टरांनी मात्र कोटच चढवला. माझ्या स्कूटरवर मागे बसून आले.
मेलेला उघडला. किडनी हातावर घेऊन दाखवली. लावरीच्या अंड्यावर असतात तसे ठिपके, फक्त लाल. आतड्यात आतून गोल गोल व्रण, शर्टाच्या बटणाएवढे. बराच वेळ हात धूत राहिले.
"शंकरराव, स्वाइन फीवर आहे. पक्कं प्रयोगशाळा सांगेल, पण मला शंका नाही. औषध नाही ह्याला."
माणसाला काही होत नाही, म्हणाले. फक्त डुकरांचा. हवेत, लाळेत, शेणात, बादलीत, चपलेत, मांसात. ज्यांना लागलाय ते बहुतेक जाणार. ज्यांना लागला नाही त्यांच्यासाठी लस आहे, मुंबईला मिळेल, बर्फात आणावी लागेल.
विचारलं, किती दिवस आहेत हातात?
म्हणाले, दिवस नका मोजू, काम करा.

२३, संध्याकाळ
केलं: तीन नंबर वेगळा. त्याची बादली, झाडू, फावडं तिथेच राहणार. शेडच्या दारात सोड्याच्या पाण्याचं घमेलं, पाय बुडवल्याशिवाय कोणी आत नाही. निरोग्यांना आधी खायला, आजाऱ्यांना शेवटी. आजारी कप्प्यात गेलेला माणूस त्या दिवशी परत इकडे नाही.
आला कुठून, हे कळत नाही. नवीन जनावर घेतलेलं नाही. एठवाड उकळलेला असतो.

२४ जाने.
आणखी दोन गेले. वास लागल्यासारखा जग्गू आला. जग्गू म्हणजे मटण-डुकराचा दलाल, मोटरसायकल, गळ्यात चेन. उभे आहेत तोवर देऊन टाक म्हणाला, निम्म्या भावात का होईना सुटशील. मी म्हटलं, आजारी आहेत.
तो हसला. "अरे मोटाभाई, आजारी तर आजारी. नदीपलीकडच्या एकाचा पूरा माल मीच उचलला पंधरा दिवसांपूर्वी, असाच पडत होता. गोरव्याच्या गोऱ्या साहेबांनी चाटूनपुसून खाल्ला. कोणाला काय झालं?"
बोलून गेला आणि चेनशी खेळत बसला. त्याला कळलंच नाही तो काय बोलला.
मला कळलं. मांसाचे कातरे. स्टीलचे डबे. न उकळता. माझ्या हाताने, तीन नंबरला.
जग्गूला हात जोडून वाटेला लावलं. भांडलो नाही. सरळ गेस्ट हाऊसवर. फ्रान्सिसला बाजूला घेऊन विचारलं तर त्याने लगेच मान्य केलं, हो, जग्गूकडचं, स्वस्त पडलं. साहेबांचं पोट ठीक आहे, ह्यावर तो खूश. म्हटलं माझ्या डुकरांचं नाही. त्याचा चेहरा पडला. ह्यापुढे जग्गूचा तुकडा किचनमध्ये घेणार नाही म्हणाला, देवाची शपथ घेऊन.
परत आलो. रायजीला सगळं सांगितलं. की चूक माझी, तू बरोबर होतास.
वाटलं बोलेल काहीतरी. त्याने ड्रमखाली लाकडं लावली आणि विचारलं, "साहेबना डब्बा पण नाखुं ने?"
टाक म्हटलं. सगळं टाक.

२५ जाने.
अशोककडे गेलो, प्रतापनगरला. मुंबई गाडीवर ड्यूटी आहे त्याची. सांगितलं लस आणायची आहे, बर्फाच्या डब्यात, गार्डच्या डब्यातून, हलवायची नाही, उन्हात ठेवायची नाही. बायको आतून म्हणाली, डुकरांचं औषध गाडीत? तो म्हणाला, अगं गाडीतून काय काय जातं तुला माहीत नाही.
मग मला: दाजी, पत्ता लिहून द्या.

२६ जाने.
सकाळच्या गाडीने अशोक. युनिफॉर्ममध्ये, थर्मासचा डबा पोटाशी धरून, देवाची मूर्ती आणावी तसा. पाच बाटल्या, दहा दहा डोस. बाटली एकदा कालवली की दोन तासांत संपवायची.
डॉ. चि. आधीच हजर. तीन नंबरचा आणखी एक गेला होता, उरलेले आठ, सगळे तापात. त्यांनी विचारलं, झोपवायचे का, मी मान हलवली. त्यांनी एकेकाला इंजेक्शन दिलं, मी कान धरून बसलो. लिहिण्यासारखं नाही.
मग बाकी बेचाळीस. आधी प्रत्येकाचा ताप. दोन नंबरमधला एक १०५, तो बाजूला. साती १०५, बाजूला. उरले चाळीस, चार बाटल्या बरोब्बर.
डॉक्टरांची अट: प्रत्येक डुकराला वेगळी सुई, नाहीतर सुईच रोग वाटत फिरेल. चाळीस सुया उकळायच्या कशात? सौ.ने स्वयंपाकघरातला जुना कुकर आणि शिटी दिली. म्हणाली, घेऊन जा, पण परत आणू नका. तीन शिट्ट्या झाल्या फारमवर. डॉ. म्हणाले, नोकरीभर सरकारने मला असं यंत्र दिलं नाही.
पाचवी बाटली उरली. रेल्वे लाइनच्या पलीकडे वस्तीतले लोक पाच-सात डुकरं मोकळी सोडतात. त्यांना बोलावलं, धरायला अर्धी वस्ती आली, टोचली. माझ्यावर उपकार त्यांचेच, त्यांचा रोग उद्या माझ्या दारात येतो.
अशोकला नाश्ता. पोहे खाल्ले. पाण्याचा ग्लास पुढे केला.
"लस आणली म्हणजे पाणी पिईन असं नाही, दाजी."

३० जाने.
दोन नंबरचा तापातला गेला. लस टोचलेल्यांपैकीही एक गेला. त्याच्या अंगात आधीच असणार, डॉ. म्हणाले. चौदा झाले. खड्डे खोल, वर चुना, वर काटे, कुत्री उकरू नयेत म्हणून. रायजीचे हात सोलवटलेत.
साती: तीन दिवस ताप, खाणं बंद, कान गरम. आज १०३. दोन भाकऱ्यांएवढं खाल्लं. मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

२ फेब्रु.
साती ठणठणीत. डॉक्टरांना हसत सांगायला गेलो तर ते हसले नाहीत. बसवलं, चहा मागवला. म्हणाले, ती जगली, कारण दणकट आहे. पण पोटात पिल्लं आहेत, आणि ताप आला तो नेमका वाईट महिन्यात.
"काही पिल्लं मेलेली येतील. काही थरथरत येतील, ती कळतात तरी. भीती आहे ती धडधाकट दिसणाऱ्यांची. खातात, खेळतात, आणि महिनोन्महिने रोग सांडत राहतात. त्यांना लसही उपयोगाची नाही."
मग काय?
"मी तुमच्या जागी असतो तर तिला आजच झोपवलं असतं."
मी चहा प्यायलो. म्हटलं, डॉक्टरसाहेब, तुम्ही माझ्या जागी नाही.
रागावले नाहीत. तर मग दूर ठेवा, म्हणाले. आणि तपासणीत जे निघेल ते मानायचं. वचन दिलं.

३ फेब्रु.
बोअरवेलच्या पलीकडे, शेडपासून पन्नास पावलांवर, सातीला कप्पा बांधला. स्वतः विटा रचल्या. वारा शेडकडून तिकडे जातो, उलट नाही, हे पाहून. तिचं खाणं-पाणी मी एकटाच करणार, दिवसाचं शेवटचं काम म्हणून. एकदा तिच्या कप्प्यात पाय टाकला की आंघोळ करून थेट घरी, शेडकडे फिरकायचं नाही. रायजीने तिकडे जायचंच नाही.

१९ फेब्रु.
तीन आठवडे झाले. एकालाही ताप नाही! रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर, वहीत आकडे: १०२, १०२, १०१॥.
सकाळी बादली वाजवली आणि डोळे मिटून उभा राहिलो. एक, दोन आणि चार नंबर. गोरव्याच्या सायरनला मागे टाकतील असा गोंगाट. एकोणचाळीस. एकही कमी नाही.
डॉ. चि. शेडभर फिरले, प्रत्येकाचं पोट, कान, डोळे. म्हणाले, इतका पसरलेला रोग इतक्यावर थांबलेला मी पाहिलेला नाही. मग म्हणाले, कान चांगले आहेत तुमचे. आणखी दोन दिवसांनी आला असतात तर मी फक्त खड्डे मोजायला आलो असतो.
पेढे आणले. रायजीने आठ खाल्ले.

२ मार्च
तीन नंबर सोड्याने तीनदा धुतला, चुना मारला, रिकामा ठेवलाय. वस्तीवरचे लोक विचारायला आले, ड्रम कसा लावायचा. रायजी त्यांना शिकवतो, मास्तरासारखा कमरेवर हात ठेवून. फ्रान्सिस रविवारी येऊन बघून गेला. त्याचे डबे आता थेट ड्रममध्ये रिकामे होतात, त्याच्या डोळ्यांदेखत. म्हणाला, साहेब लोक जेवतात त्यापेक्षा ह्यांचं जास्त शिजलेलं असतं.
सौ. आज पहिल्यांदा फारमवर आली. पाच वर्षांत पहिल्यांदा. नाकाला पदर नाही. शेडच्या दारात घमेल्यात पाय बुडवला, साडी वर धरून, काही न विचारता. बाहेर आल्यावर म्हणाली, अहो, इतकी स्वच्छ असतात हे कधी सांगितलं नाहीत.
रोज सांगत होतो.

२२ मार्च
साती व्याली. अकरा. दोन काळी पडलेली, वाळलेली, केव्हाच मेलेली. एक जिवंत पण थरथरतंय, सड धरताच येत नाही. आठ चांगली. गुलाबी, भांडखोर, आपापला सड धरून.
थरथरतं दुपारी गेलं.
डॉ. चि. आले, कप्प्याबाहेरूनच बघितलं. काळी पिल्लं पाहून त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणजे रोग पोटात पोचला होता. आठांचं काय? दिसण्यावरून सांगता येत नाही, म्हणाले. रक्त घेऊन प्रयोगशाळेला पाठवायचं. अशोकच नेणार.

३० मार्च
हालोलकडचा एक जण, नवीन फारम काढतोय, लांबून आठ पिल्लं बघून हरखला. आजच द्या म्हणे. सगळं सांगितलं, थरथरणाऱ्यासकट. त्याला वाटलं मी भाव वाढवतोय. शेवटी त्याला ड्रमपाशी बसवून चहा पाजला, उकळणं शिकवलं, लसीचा पत्ता लिहून दिला. जाताना म्हणाला, तुमच्यासारखा धंदा करणारा पाहिला नाही. कौतुक होतं की हेटाळणी, कळलं नाही. कौतुक धरून चालतो.

८ एप्रिल
पाडवा. घरची गुढी झाल्यावर सौ.ने एक छोटी फारमवरही उभारायला लावली, शेडच्या दाराशी. अशोक सहकुटुंब आला. श्रीखंड फारमवर खाल्लं! पाणी स्वतःचं.
प्रयोगशाळेला एस.टी.डी. केला. नमुना पोचला तेव्हा बर्फ वितळलेला होता, निकाल धरता येत नाही, परत पाठवा. अशोक ओशाळला. गाडी चार तास सुरतेला उभी होती, त्याचा काय दोष. परवा परत घेतलं जाईल, ह्या वेळी दोन डबे बर्फ.

१७ एप्रिल
नवा नमुना पोचला, बर्फासकट. आठवडा लागेल म्हणतात.
आठही वाढतायत. वजन रोज करतो. आज बाकीच्या सातांनी चांगलं धरलं, शेपटीवर काळा ठिपका असलेलं एक मात्र कालच्याइतकंच. ताप नाही. एका दिवसाने काही ठरत नाही.
रायजीने न सांगता कुंपणापाशी खड्डा खणून ठेवलाय. बघितला. पत्रा टाकायला लावला, कोणी पडू नये म्हणून.

२४ एप्रिल
आज फोन नाही. उद्या शुक्रवार, उद्या येईल कदाचित.
पाचच्या सुमाराला सातीकडे आलो, आत पाय टाकला आणि शेडकडून रायजीची हाक. चार नंबरमधली, कानावर नऊची खाच असलेली मादी व्यायला बसली होती. लस टोचलेल्यांपैकी पहिलं बाळंतपण! आणि मी इथे, सातीच्या कप्प्यात, म्हणजे आज तिकडे जाता येणार नाही. माझाच नियम.
रायजी घाबरला, एकट्याने कधी केलेलं नाही. म्हटलं, मी इथून सांगतो, तू कर. तोंडातला चिकटा पूस. नाळ बांध. सडापाशी ठेव. पन्नास पावलांवरून ओरडून ओरडून घसा बसला.
पहिलं ओरडलं ते ऐकू आलं. मग दुसरं. रायजी आकडा ओरडायचा त्याच्या आधी मला कळत होतं. एकही थरथरता आवाज नाही, सगळे खणखणीत, रागावलेले. सातव्यानंतर बराच वेळ काही नाही. मी कुंपणाला धरून उभा. मग आठ, नऊ, दहा. आणि रायजी आनंदाने गुजरातीत कोणाला तरी शिव्या देतोय.
दहा!
इकडे माझ्या पायाशी साती कुशीवर, आठ जणं रांगेने. काळ्या शेपटीचंही धरून आहे. वजन करायला उचललं तर सड सोडेना. तसंच राहू दिलं. काटा उद्या लावीन, फोनच्या आधी.